तारखेखाली दोन रेघा

३ जानेवारी

धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राला ‘मीटिंगमध्ये आहे’ असं सांगता येत नाही.

भांडायला लिहीत नाहीये. दोन वर्षांपूर्वी तुझ्या गॅस कंपनीच्या क्वार्टरमध्ये, तुझ्या साहेबांच्या देखत, मी म्हणाले होते की ही गुळगुळीत फरशी आमच्या करातून आलीय. तू हसत विचारलंस, “ताई, तुझा चहा कशावर होतो गं?” सगळे हसले आणि मी भरल्या ताटावरून उठले. तेव्हा उत्तर सुचलं नाही, आता सुचलंय. चहा गॅसवरच होतो, पण सिलिंडरचे पैसे मी देते. तुझ्या कंपनीला जमीन नाममात्र भाड्यानं, वीस वर्षं कर माफ, वर टाकीपर्यंतचा रस्ताही सरकारनं करून दिलेला. आपल्या शाळेच्या छपराचा प्रस्ताव मात्र तिसऱ्यांदा परत आला. शेरा, ‘निधी उपलब्ध नाही’. दवाखान्याची बस बंद केली, तीही निधी नाही म्हणून. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, आणि वर त्या कुत्र्यालाच सवलत!

झालं, भांडलेच.

आता कामाचं. शाळेमागे गॅसची एक टाकी आहे, तिच्या शेजारी तुम्ही आणखी दोन बांधणार, आणि मोठा पाइप शाळेच्या मैदानाखालून नेणार. मुलांनी मग खेळायचं कुठे, हे नकाशात लिहिलेलं नाही. वस्तीनं हरकती दिल्या आहेत. चारशे बारा. मुदतीच्या दोन दिवस आधी, पोच घेऊन. टेलरबाईंच्या दुकानात महिनाभर समिती बसत होती. टेलरबाई तुला आठवेल, तुझ्यामागून दोन-तीन वर्षांनी पहिलीत आली होती, फार रडायची. आता ती रडत नाही, कलेक्टरशीसुद्धा भांडते.

तुझ्याकडे एवढंच मागणं आहे. तुझ्या जनसंपर्क विभागाची ती गाडी आवर. रोज दुपारी शाळा सुटायच्या वेळी येते, भोंग्यावर ‘स्वच्छ इंधन, उज्ज्वल उद्या’ ओरडते आणि मुलांना कंपनीचं नाव छापलेली दप्तरं वाटते. दप्तराचे बंद आठ दिवसांत तुटतात. निदान शिवण तरी धड घालून घ्या.

वहिनीला विचारलंय म्हणून सांग. चिंगीला आत्या आठवते का?

ताई

२१ जानेवारी

धाकट्या,

कपाळाला हात लावून बसले आहे.

आमच्या हरकती फेटाळल्या. चारशे बारापैकी चारशे सात. कारण ऐक: ‘सर्व अर्ज एकाच व्यक्तीच्या हस्ताक्षरात असल्याचे दिसून येत असल्याने ते बनावट समजण्यात येत आहेत.’

बनावट! अरे, छत्तीस वर्षं या वस्तीतल्या पहिलीच्या प्रत्येक पोराचा हात माझ्या हातात धरून मी पाटीवर फिरवलाय. अक्षरं सुटी काढायची, मग सगळ्या शब्दावर डोक्यावरची रेघ एका दमात ओढायची. ‘र’ची शेपूट ओळीखाली जायची नाही. वर तारीख, आणि तारखेखाली दोन रेघा, एकीखाली एक. दोन रेघा नसतील तर पाटी परत. त्यांचं अक्षर माझ्यासारखं येणार नाही तर काय तुझ्या साहेबांसारखं येणार?

आता माझी चूक सांगते, कारण ती तू नाहीतरी ओळखशीलच. टेलरबाई म्हणाली होती, “बाई, एकच अर्ज छापून घेऊ, लोक खाली सह्या करतील.” मीच आडवी पडले. छापील अर्जाला कोण विचारतं, ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहिलं पाहिजे, असा हट्ट धरला. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण दुकानात एकेकजण लिहायला बसला की मी पाठीशी उभी. “रेघ वाकडी.” “शेपूट बघ कुठे चाललीय.” एकतीस जणांना पुन्हा लिहायला लावलं. चाळिशी ओलांडलेले बाप्ये, दोन पोरांच्या आया, सगळे जीभ बाहेर काढून पहिलीतल्यासारखे लिहीत होते. त्यांचं रोजचं अक्षर कसंही असो, माझ्यासमोर त्यांनी माझंच काढलं. मी एकेक अर्ज पाहून खूश होत होते. त्याच सुवाच्य अक्षरानं आमचा गळा कापला.

ग्राह्य धरलेल्या पाच हरकती कोणाच्या, ठाऊक आहे? ज्यांना मी शिकवलेलं नाही त्यांच्या. त्यातली एक आपल्या रिटायर्ड ड्रायव्हरची. तोच, दवाखान्याची बस चालवायचा तो. त्याचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नाही. ‘पाइप’ लिहिलंय की ‘पापड’ यावर समितीत वाद झाला होता. तो कागद सरकारला पटला! आता कॉलर ताठ करून फिरतोय. “बाई, वळण नसलं की असा फायदा होतो,” म्हणतो.

सुनावणी सव्वीस फेब्रुवारीला आहे. तिथे हे सिद्ध करायचंय. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं मला वाटतं, पण साहेबलोकांना आरसाच लागतो. तू ये. तू याच पाटीवर शिकलास, आणि तू कंपनीचा माणूस. एकच वाक्य बोल: ‘आमच्या वस्तीत सगळ्यांचं अक्षर असंच आहे, आम्हाला एकाच बाईंनी शिकवलं.’ कंपनीविरुद्ध एक शब्दही बोलू नकोस. फक्त जे खरं आहे ते सांग.

ताई

४ फेब्रुवारी

काल मी आणि टेलरबाई फाइल बघायला ऑफिसात गेलो होतो. दोन तास बाकावर बसवल्यावर कारकुनानं फाइल काढून दिली. अर्ज बनावट आहेत हे ऑफिसच्या डोक्यातून आलेलं नाही. त्यांना एक निनावी पत्र आलंय. ‘सदर हरकती एका निवृत्त शिक्षिकेने स्वतः लिहिल्या असून हस्ताक्षर तपासल्यास सत्य उघड होईल. एक हितचिंतक.’

टेलरबाईनं वाचलं आणि म्हणाली, “बाई, हा पण तुमचाच विद्यार्थी दिसतो, बघा, तारखेखाली दोन रेघा.” आणि हसली. मीही हसले.

आता तू सांग, मी का हसले असेन.

चारशे सात जणांच्या रेघा डावीकडून उजवीकडे जातात आणि शेवटी किंचित वर चढतात. त्या पत्रातल्या रेघा उलट्या ओढलेल्या होत्या, उजवीकडून डावीकडे. आणि ओळींवर शाई फासलेली, लिहिणाऱ्याचा हात ओल्या अक्षरांवरून सरकत गेल्यासारखी. छत्तीस वर्षांत मी एकाच डावखुऱ्या पोराला त्याच्या डाव्या हातानं लिहू दिलं. बाकीच्यांचे हात मी बदलले, त्याचं मला आता वाईट वाटतं. तुझा नाही बदलला. बाबा तुझा हात टेबलाला बांधायला निघाले होते, तेव्हा मधे पडून मी पाठीवर पट्टी खाल्ली होती. चोवीस वर्षांची होते मी, नोकरीला लागलेली. त्या हाताचं हे फळ!

अरे, तुला माहीत होतं. सगळ्या जगात तुला एकट्याला नेमकं माहीत होतं की ही अक्षरं सारखी का आहेत. दुसऱ्या कोणी संशय घेतला असता तर मी म्हटलं असतं, बिचाऱ्याला काय ठाऊक. तू ठाऊक असून लिहिलंस. वर ‘हितचिंतक’!

आपलेच दात आणि आपलेच ओठ. टेलरबाईला मी काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते माझं मलाच कळत नाही, आणि त्याचाही मला राग येतोय.

सही करत नाही. अक्षर ओळखता येतं तुला.

१३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पाकीट मिळालं. आत एक झेरॉक्स, बाकी ओळ नाही, शब्द नाही. दोन वर्षांनी भावाचं उत्तर आलं ते असं.

ओळखलं मी तो कागद. चौदा वर्षांपूर्वीचं शाळेचं ना-हरकत पत्र. ‘शाळेच्या मागील मोकळ्या जागेत गॅस साठवण टाकी उभारण्यास शाळेची कोणतीही हरकत नाही.’ खाली मुख्याध्यापिकेची, म्हणजे माझी सही, शिक्का. वर तारीख, तारखेखाली दोन रेघा.

मी तो विसरले असेन असं तुला वाटलं का? एकही दिवस विसरले नाही. फक्त कोणाला सांगितलं नाही.

ऐक मग, तुला अर्धंच माहीत आहे. तेव्हा तुझा कारखाना बंद पडून दीड वर्ष झालं होतं. तू दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचास आणि जेवायला उठवलं की म्हणायचास, “भूक नाही.” कंपनीत जागा निघाल्याचं मी पेपरात वाचलं. तुझा अर्ज मी लिहिला. माझ्याच हातानं, कारण तू पेन धरायला तयार नव्हतास. सहीसुद्धा मीच ठोकली आणि पोस्टात टाकला. पंधरा दिवसांनी कंपनीचा माणूस शाळेत आला. फार गोड बोलला. शाळेला दोन पंखे देतो म्हणाला. जाता जाता म्हणाला, “तुमच्या बंधूंचा अर्ज आलाय आमच्याकडे, बाई. बघू या.” नंतर टेबलावर कागद ठेवला.

‘सही करा तर नोकरी देतो’ असं तो म्हणाला नाही. तसं म्हणाला असता तर मी त्याला पट्टीनं हाकलला असता, असं मी चौदा वर्षं स्वतःला सांगत आले आहे.

त्या पत्रावर टाकी आली. टाकीभोवती जागा मोकळी हवी म्हणून शाळेमागची खोल्यांची रांग पाडली. त्या रांगेत टेलरबाईची आई राहायची. पुढे सात वर्षं ती बाई भाड्याच्या खोल्या बदलत राहिली आणि तशीच गेली. मी तिला भेटायला जायची. ती मला चहा करून द्यायची आणि तो मी प्यायचे.

आता तुला काय हवंय ते कळतंय मला. सुनावणीत मी तोंड उघडलं तर तुमचा वकील हा कागद काढणार. मी घाबरून घरी बसावं. हुशार आहेस. मीच शिकवलंय.

पण एक राहिलं. झेरॉक्सवर काळा डाग आहे, उजव्या कोपऱ्यात, बोटाचा. मशीनवर कागद ठेवून तू तो लगेच सोडला नाहीस ना? लहानपणी चूक करून आलास की पाटी अशीच धरून ठेवायचास. मला तेवढाच डाग बरा वाटला त्या पाकिटातला.

ताई

२७ फेब्रुवारी

धाकट्या,

काल तू आला नाहीस. कंपनीच्या रांगेत चार माणसं आणि एक वकील होता, तुझी खुर्ची रिकामी होती. म्हणून सगळं लिहून कळवते, उगाच कोणाकडून तिखटमीठ लावलेलं ऐकू नकोस.

वकिलाला मी कष्ट दिले नाहीत. माझं नाव पुकारल्यावर उभी राहिले आणि तुझी झेरॉक्स मीच वाचून दाखवली. पूर्ण, शिक्क्यासकट. मग का सही केली तेही सांगितलं. “माझ्या भावाला नोकरी लागावी म्हणून,” एवढंच. तुझं नाव घेतलं नाही, पण माझा भाऊ कोण हे वस्तीत कोणाला माहीत नाही?

दोनशे माणसं होती. टेलरबाई पहिल्या रांगेतून म्हणाली, “आमच्या खोल्या तुमच्या सहीनं गेल्या?” मी म्हटलं, “हो.” ती म्हणाली, “आणि माझ्या आईच्या मयताला तुम्ही सगळ्यांत पुढे होता.” मी पुन्हा हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ती उठून जाईल असं वाटलं. गेली नाही. अधिकाऱ्याकडे वळली आणि म्हणाली, “साहेब, त्यांचं आमचं आम्ही बघून घेऊ. तुम्ही आधी आम्हाला कागद द्या. आत्ता, तुमच्यासमोर लिहून दाखवतो.”

कोरे कागद आले. साठ जणांना लिहायला बसवलं. साहेबांनी स्वतः वाक्य सांगितलं. मी पाठ करून भिंतीकडे उभी राहिले, नाहीतर कोणाची तरी रेघ सरळ करायला गेले असते. अर्ध्या तासानं साठ कागद टेबलावर. साहेबांनी एकेक उचलला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “कमाल आहे,” म्हणाले. ड्रायव्हर मधूनच ओरडला, “माझा पण घ्या साहेब, तेवढाच वेगळा निघेल!” सगळे हसले, टेलरबाई सोडून.

आता मुख्य गोष्ट. साहेबांनी फाइलमधलं ते निनावी पत्र काढून साठ कागदांशेजारी ठेवलं. म्हणाले, “हेही त्याच वळणाचं आहे. बाई, हे कोणाचं?” मी म्हटलं, “माझ्या एका विद्यार्थ्याचं.” “नाव?” मी गप्प राहिले. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प.

तुमचा वकील लगेच उठला. तक्रारदार समोर येत नाही तोवर तक्रार खोटी ठरत नाही, हस्ताक्षरतज्ज्ञ नेमा, म्हणाला. तज्ज्ञाला सहा महिने लागतात. तोवर खोदाईची परवानगी देऊन टाकतील, आणि मग हरकती ग्राह्य ठरून काय करायच्या? साहेबांनी मधला मार्ग काढला. सोळा मार्चला संध्याकाळी पाचपर्यंत पत्र लिहिणाऱ्यानं स्वतः येऊन, त्यांच्यासमोर सही करून निवेदन दिलं, तर चारशे सात हरकती त्याच दिवशी ग्राह्य. त्याचं नाव नुसतं कळलं तरी त्याला समन्स काढतील, आणि तो येईपर्यंत परवानगी रोखून धरतील. नाहीतर तज्ज्ञ.

म्हणजे मी तोंड उघडलं असतं तर काल तिथल्या तिथे खोदाई अडली असती.

बाहेर आल्यावर ड्रायव्हरनं विचारलं, “बाई, नाव ठाऊक आहे ना?” मी ‘हो’ म्हटलं. तो म्हणाला, “मग आता कसली माया?” टेलरबाईनं माझ्याशी बोलणं टाकलंय. समितीचे कागद अजून माझ्याकडेच पाठवते, ड्रायव्हरच्या हाती. तो बिचारा दुकान ते घर फेऱ्या मारतोय आणि म्हणतो, बस बंद झाली पण रूट काही सुटला नाही.

चौदा वर्षांपूर्वी तुझ्यासाठी मी वस्तीला गप्प राहून विकलं. काल पुन्हा गप्प राहिले. ये रे माझ्या मागल्या. रात्रभर स्वतःवर चिडले, सकाळी उठून तुझ्यावर चिडले, आता दोघांवर चिडून हे लिहिते आहे. तुला वाचवायला गप्प राहिले नाही मी, धाकट्या. तू आपल्या पायानं यावंस म्हणून राहिले. सोळा तारखेपर्यंत.

ताई

९ मार्च

धाकट्या,

तुझं निवेदन मिळालं. चार वेळा वाचलं. डोळ्यांतून पाणी आलं हे सांगायला हरकत नाही.

‘कंपनीच्या साहेबांनी मला सांगितले की तू तिथलाच आहेस, या अर्जांत काही खोट सापडते का बघ. मला खोट सापडली नाही म्हणून मी ती तयार केली. अर्ज खरे आहेत हे मला लिहितानाही माहीत होते.’ चांगलं लिहिलंयस. एक शब्द इकडचा तिकडे करावासा वाटला नाही, आणि माझ्या बाबतीत असं क्वचित होतं. पुढचंही वाचलं, शाळा आणि नव्या टाक्या यांच्यातलं अंतर नकाशात वाढवून दाखवलंय ते. हे लिहिल्यावर तुझी नोकरी राहणार नाही. क्वार्टर जाईल, ती फरशीही जाईल. मला ठाऊक आहे आणि तुलाही होतं, तरी लिहिलंस.

पण सहीची जागा कोरी! आणि वर चिठ्ठी: ‘ताई, मला यायला जमणार नाही. सही तूच कर. आपलं अक्षर सारखंच आहे, कोणाला कळणार?’

अरे गाढवा!

चारशे सात माणसं गेला दीड महिना ओरडून सांगताहेत की आमच्या सह्या बाईंनी केलेल्या नाहीत, आणि तू म्हणतोस बाई, सही करा. प्रगतिपुस्तकावर बाबांच्या नावानं मी सही करायचे, नोकरीच्या अर्जावर तुझ्या नावानं केली, ते तुझ्या अंगवळणीच पडलंय. चूक माझी आहे. तुझं प्रत्येक अवघड काम मी तुझ्या हातातून काढून घेतलं आणि त्याला माया म्हणत राहिले. बेचाळीस वर्षांचा झालास, अजून कोऱ्या जागा माझ्यासाठी ठेवतोस.

निवेदन सोबत परत पाठवते आहे. मी त्यावर पेन टेकवलेलं नाही.

सोळा तारखेला सकाळपासून मी ऑफिसच्या बाकावर बसलेली असेन. ड्रायव्हर येणार आहे. टेलरबाईही येणार आहे असं त्यानं सांगितलं, ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसेल. खिडकी पाचला बंद होते. पाचला पाच कमी असताना मी उठेन आणि तुझं नाव सांगेन. पूर्ण नाव, हुद्द्यासकट. हे धमकी म्हणून लिहीत नाही, तुला आधी कळावं म्हणून लिहिते. मला ते सांगावं लागू नये असं फार वाटतं, पण यावेळी मी गप्प राहणार नाही.

नोकरी गेल्यावर काय, याची काळजी करत भिंतीकडे तोंड करून पडू नकोस. माझ्या दोन खोल्या आहेत, वहिनी आणि चिंगीला पुढची देऊ. चहा मिळेल. कशावर होतो ते विचारायचं नाही.

बाकावर माझ्या आणि टेलरबाईच्या मधे जागा आहे, तिथे पिशवी ठेवून ती तुझ्यासाठी धरते. पेन काळ्या शाईचं आण, निळं ते चालवून घेत नाहीत. आणि सही डाव्या हातानंच कर.

ताई